बॉडी कॅमेऱ्याचं फुटेज कुणाचं?

प्रश्न असा आहे: "जॉर्ज फ्लॉइड मेला तेव्हा तिथल्या पोलिसांच्या अंगावर बॉडी कॅमेरे होते. तरी तो वाचला नाही. मग अमेरिकेतले आंदोलक इतकी वर्षं कॅमेरे द्या, कॅमेरे द्या म्हणून का ओरडत होते? त्यातून पोलिसांना खरंच जाब विचारता येतो का? माझा मुलगा मिनेसोटात शिकायला निघालाय. पोलिसांनी अडवलं तर त्यानं मोबाईल काढावा की नाही?"

मी अमेरिकेत मध्यपश्चिम भागात राहते आणि फौजदारी खटल्यांत आरोपीच्या वकिलांसाठी व्हिडिओ पुरावा तपासते. कानाला हेडफोन लावून पोलिसांचं फुटेज पुढे-मागे करत बसणं हेच काम. त्यामुळे मी एका बाजूची आहे हे धरूनच वाचा. सरकारी वकिलांकडे हेच काम करणारा माणूस तुम्हाला थोडं वेगळं सांगेल.

सरळ उत्तर आधी देते. जाब विचारता येतो, पण तीन गोष्टी जुळल्या तर: कॅमेरा चालू करायचा की नाही हे पोलिसाच्या मर्जीवर नसेल, फुटेज ठरावीक दिवसांत बाहेर द्यायची सक्ती असेल, आणि ते पाहून काही करण्याचा अधिकार पोलीस खात्याबाहेरच्या कुणाकडे असेल. यातलं एखादं जरी निसटलं तरी कॅमेरा पोलिसांच्याच कामाचा उरतो. म्हणजे आरोपीविरुद्धचा पुरावा गोळा करणारं यंत्र. हे मी चिडून म्हणत नाही. २०१६ च्या सुमारास जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या संशोधकांनी सरकारी वकिलांच्या कार्यालयांना विचारलं होतं. ज्यांच्या हद्दीत बॉडी कॅमेरे आले होते त्यांच्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी ते फुटेज सामान्य नागरिकांविरुद्ध वापरलं होतं. पोलिसावर खटला चालवायला वापरणारे दहात एकसुद्धा भरत नव्हते.

आता फ्लॉइडच्या प्रकरणाकडे येऊ, कारण तुमच्या प्रश्नाची गाठ तिथेच आहे.

२५ मे २०२० च्या संध्याकाळी मिनेसोटातल्या मिनियापोलिस शहरात, अडतिसावा रस्ता आणि शिकागो ॲव्हेन्यूच्या चौकात, 'कप फूड्स' नावाच्या दुकानासमोर डेरेक शोव्हिन या गोऱ्या पोलिसानं जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मानेवर गुडघा दाबून ठेवला आणि त्यात फ्लॉइड गेला. त्या रात्री पोलीस खात्यानं पत्रक काढलं. मथळ्याचा अर्थ इतकाच की पोलिसांशी संबंध आला असताना एका इसमाचा वैद्यकीय कारणानं मृत्यू झाला. आत लिहिलं होतं की इसमानं प्रतिकार केला, त्याला बेड्या घातल्या, मग त्याची तब्येत बिघडलेली दिसली. कुणीही कुठलंही शस्त्र वापरलं नाही. मानेवरच्या गुडघ्याचा उल्लेख नाही. आणि शेवटाकडे एक वाक्य होतं: पोलिसांचे बॉडी कॅमेरे चालू होते.

म्हणजे ज्या रात्री हे पत्रक निघालं त्या रात्री ते खोटं पाडणारं चित्रीकरण खात्याकडेच होतं. ते खोटं पाडलं मात्र सतरा वर्षांच्या डार्नेला फ्रेझियरनं. ती दुकानाकडे चालली होती, थांबली, फोन वर धरला, आणि हलली नाही. तिनं तो व्हिडिओ त्याच रात्री फेसबुकवर टाकला. दुसऱ्या दिवशी चौघा पोलिसांना नोकरीवरून काढलं. पुढच्या वर्षी तिला पुलित्झरची विशेष दखल मिळाली.

खात्याचं फुटेज लोकांपर्यंत यायला ऑगस्ट उजाडला. न्यायाधीशांनी आधी ते न्यायालयात वेळ ठरवून येऊन पाहायची मुभा दिली होती, कॉपी मिळत नव्हती. त्यातला काही भाग एका ब्रिटिश वृत्तपत्रानं फोडला, मग ते रीतसर खुलं झालं. तोवर अमेरिकेतल्या शेकडो शहरांत मोर्चे निघून गेले होते.

मग बॉडी कॅमेऱ्यांचा काहीच उपयोग झाला नाही का? खटल्यात झाला, आणि चांगलाच झाला. फ्रेझियरच्या व्हिडिओत डेरेक शोव्हिनचा चेहरा आणि गुडघा दिसतो. गाडीच्या पलीकडच्या बाजूला काय चाललंय ते दिसत नाही. ते थॉमस लेन आणि अलेक्झांडर कुएंग या त्याच्या सहकारी पोलिसांच्या छातीवरच्या कॅमेऱ्यांत आहे. लेनच्या फुटेजमध्ये सुरुवातीलाच तो गाडीच्या काचेवर टॉर्च ठोकतो आणि काही सेकंदांत फ्लॉइडवर पिस्तूल रोखतो. पुढे, फ्लॉइड खाली दाबलेला असताना, लेनचाच आवाज ऐकू येतो: याला कुशीवर वळवायचं का? शोव्हिन नाही म्हणतो. लेन थोड्या वेळानं पुन्हा विचारतो. मग कुएंग नाडी बघतो आणि सापडत नाही म्हणून सांगतो. त्यानंतरही गुडघा हलत नाही. हा संवाद फुटपाथवरच्या कुठल्याही फोनला इतका स्वच्छ पकडता आला नसता. गुडघा मानेवर किती वेळ होता याचा सुरुवातीला सगळ्या जगाच्या तोंडी असलेला ८ मिनिटं ४६ सेकंदांचा आकडा खटल्यात ९ मिनिटं २९ सेकंद झाला, तोही हे चित्रीकरण हाताशी असल्यामुळेच.

शोव्हिनच्या स्वतःच्या कॅमेऱ्याची गंमतच आहे, जर तिला गंमत म्हणता आली तर. फ्लॉइडला गाडीत कोंबण्याच्या झटापटीत तो त्याच्या छातीवरून निखळला आणि गाडीखाली पडला. त्यामुळे गुडघ्याचं दृश्य त्यात नाही. पण ॲम्ब्युलन्स गेल्यावर शोव्हिननं तो उचलून पुन्हा लावला. तेवढ्यात चार्ल्स मॅकमिलियन हे वयस्कर गृहस्थ त्याला जाब विचारायला आले. माणूस अंगानं दणकट होता, त्याला आवरणं भाग होतं, त्यानं बहुतेक काहीतरी घेतलेलं होतं, असं शोव्हिन त्यांना सांगतो. खटल्यात शोव्हिननं साक्ष दिली नाही, तो त्याचा हक्कच होता. त्यामुळे ज्युरीनं त्याच्या तोंडून समर्थन ऐकलं ते त्याच्याच कॅमेऱ्यातलं. २० एप्रिल २०२१ ला तो दोषी ठरला, जूनमध्ये साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली.

इथवर वाचून कॅमेऱ्याच्या बाजूनं मत झालं असेल, तर आता दुसरा व्हिडिओ सांगते. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा तोच, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली.

सप्टेंबर २०१७. हेच शहर, हाच शोव्हिन. एका घरगुती भांडणाच्या तक्रारीवर पोलीस गेले. तिथल्या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाच्या डोक्यात शोव्हिननं टॉर्च घातली, त्याचा गळा धरला, आणि नंतर तो बेड्या घालून पालथा पडलेला असताना पंधरा मिनिटांहून अधिक वेळ त्याच्या मानेवर आणि पाठीवर गुडघा ठेवला. हे सगळं बॉडी कॅमेऱ्यात आलं. फ्लॉइडच्या आधी जवळजवळ तीन वर्षं हे फुटेज खात्याच्या ताब्यात होतं. शोव्हिन नोकरीत राहिला. इतकंच नव्हे, नव्या भरतीच्या पोलिसांना रस्त्यावर काम शिकवणारा प्रशिक्षक राहिला. कुएंग त्याच्याच हाताखाली शिकला. ते फुटेज उपयोगी पडलं ते फ्लॉइड गेल्यावर, जेव्हा केंद्र सरकारच्या वकिलांनी त्यावरून वेगळा गुन्हा लावला. डिसेंबर २०२१ मध्ये शोव्हिननं दोन्ही प्रकरणांत गुन्हा कबूल केला. त्या मुलाला २०२३ मध्ये शहरानं ७५ लाख डॉलरची भरपाई दिली.

तुमचा प्रश्न 'कॅमेरा असूनही तो का वाचला नाही' असा आहे. २५ मेच्या संध्याकाळी तो वाचायला हवा होता तर २०१७ चं ते फुटेज तेव्हाच खात्याबाहेरच्या कुणाच्या तरी डोळ्यांखालून जायला हवं होतं.

आता आंदोलकांबद्दल. कॅमेऱ्यांची मागणी आकाशातून पडली नाही. पोलिसांवर नागरिकांनी नजर ठेवायची ही कल्पना १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्षानं राबवली होती. गाडीतून पोलिसांच्या मागे जायचं, अंतर राखून उभं राहायचं, आणि अडवलेल्या माणसाला त्याचे हक्क मोठ्यानं वाचून दाखवायचे. हातात कायद्याचं पुस्तक आणि खांद्याला तेव्हा कायदेशीर असलेली बंदूक. (१९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती हेच नाव घेऊन, हे मराठी वाचकाला सांगायला नको.) पुढे १९९१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसांनी केलेली मारहाण जॉर्ज हॉलिडे नावाच्या माणसानं घराच्या बाल्कनीतून घरगुती कॅमेऱ्यानं टिपली. सगळ्या देशानं ती टीव्हीवर पाहिली. तरी पुढच्या वर्षी सिमी व्हॅलीतल्या ज्युरीनं कुणालाच दोषी धरलं नाही आणि शहर पेटलं. बचाव पक्षानं तिथे तो व्हिडिओ थांबवत थांबवत, एकेक चौकट दाखवत, प्रत्येक फटक्याला कारण जोडलं होतं. माझ्या धंद्यातल्या लोकांनी त्या खटल्यातून काय शिकायचं ते शिकलं: सलग पाहिलं तर मारहाण दिसते, तुकडे केले की 'तंत्र' दिसतं.

मग ऑगस्ट २०१४, मिसुरी राज्यातलं फर्ग्युसन. मायकेल ब्राउन या कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसाच्या गोळ्या लागल्या त्याचं चित्रीकरणच नव्हतं. हात वर होते की नव्हते यावर देश दुभंगला. त्या वैतागातून 'निदान दिसू तरी दे' ही मागणी जोर धरून आली. त्याच्या आधीच कॅलिफोर्नियातल्या रिआल्टो या लहान शहरातला एक प्रयोग गाजला होता. तिथे वर्षभर कोणत्या पाळीत कॅमेरे लावायचे हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं गेलं, आणि बळाचा वापर निम्म्याहून खाली आला, तक्रारी तर जवळजवळ थांबल्या. डिसेंबर २०१४ मध्ये ओबामांनी तीन वर्षांत पन्नास हजार कॅमेऱ्यांसाठी साडेसात कोटी डॉलरचा प्रस्ताव मांडला. टेझर, म्हणजे विजेचा झटका देणारी पोलिसी बंदूक, बनवणाऱ्या कंपनीनं २०१७ मध्ये नाव बदलून 'ॲक्सॉन' केलं आणि पोलीस खात्यांना वर्षभर कॅमेरे फुकट देऊ केले. अर्थात फुकट काही नसतं. पैसा कॅमेऱ्यात नाही, फुटेज वर्षानुवर्षं साठवण्याच्या भाड्यात आहे.

रिआल्टोचं यश मोठ्या शहरांत तसं दिसलं नाही. राजधानी वॉशिंग्टनमध्ये दोन हजारांहून अधिक पोलिसांवर असाच, पण कितीतरी मोठा प्रयोग झाला. २०१७ मध्ये निष्कर्ष आले: कॅमेरा घातलेल्या आणि न घातलेल्या पोलिसांत बळाच्या वापरात किंवा तक्रारींत म्हणण्यासारखा फरक नाही. मला याचं आश्चर्य वाटलं नाही. रिआल्टोत प्रमुख स्वतः त्या प्रयोगामागे होता आणि खातं एवढंसं. साहेब फुटेज पाहतो हे शिपायाला माहीत होतं.

बटणाबद्दल थोडं तपशिलात लिहिते, कारण बाहेरच्या लोकांना हे ठाऊक नसतं. बहुतेक बॉडी कॅमेरे पाळीभर जागे असतात पण नोंद ठेवत नाहीत. पोलिसानं बटण दोनदा दाबलं की रेकॉर्डिंग सुरू होतं, आणि त्याच्या आधीची साधारण तीस सेकंदं, आवाजाशिवाय, आपोआप जोडली जातात. २०१७ मध्ये बाल्टिमोरच्या एका पोलिसाला हीच तीस सेकंदं भोवली. फुटेज सुरू होतं तेव्हा आवाज नाही. तो एका मोकळ्या जागेतल्या कचऱ्यात हात घालून काहीतरी ठेवतो. सोबत दोन सहकारी उभे. तो चालत रस्त्यावर येतो. आता आवाज सुरू होतो, आणि तो जाहीर करतो की मागं जाऊन बघतो. परत जातो, थोडं शोधल्यासारखं करतो, आणि डब्यात अमली पदार्थाची पुडी 'सापडते'. सरकारी बचाव वकिलांच्या कार्यालयानं ते हेरलं, तो खटला मागे घेतला गेला, आणि पोलिसावर बनावट पुराव्याचा गुन्हा सिद्ध झाला. शिक्षा स्थगित झाली, तो भाग वेगळा. माझ्यासारख्यांनी तेव्हापासून सवय लावून घेतली: प्रत्येक फाइलची मुकी तीस सेकंदं आधी पाहायची.

दुसरी सवय म्हणजे चित्र बघायच्या आधी फाइलची नोंदवही मागायची. सर्व्हरवर प्रत्येक फाइलचा इतिहास असतो: कधी चढवली, कुणी उघडली, कोणत्या वर्गात टाकली, आवाज कधी बंद केला. पोलिसानं रिपोर्ट लिहायच्या आधी फुटेज पाहिलं की नंतर, हे तिथे कळतं. आधी पाहिलं असेल तर रिपोर्ट चित्राशी तंतोतंत जुळणारच, त्याला पुरावा म्हणण्यात अर्थ उरत नाही. अलीकडे तर रिपोर्टच कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतात. ॲक्सॉननं २०२४ मध्ये असं सॉफ्टवेअर आणलं, बॉडी कॅमेऱ्याचा आवाज ऐकून ते मसुदा तयार करतं. सिॲटल ज्या काउंटीत येतं तिथल्या सरकारी वकिलांनी असे रिपोर्ट घेणार नाही म्हणून सांगितलं. या एका बाबतीत मी सरकार पक्षाशी सहमत आहे. पोलिसाला काय आठवतं हे मला त्याच्या शब्दांत हवं, उलटतपासणी त्याचीच करायची असते.

रोजच्या खटल्यांत काय होतं त्याचं एक उदाहरण. रिपोर्टमध्ये वाक्य असतं, 'चालकानं स्वेच्छेनं झडतीला संमती दिली.' फुटेजमध्ये पोलीस म्हणतो, "आत काही नाही ना? मग बघायला हरकत नसेल," आणि हे म्हणत असताना त्याचा डावा हात दाराच्या कडीवर गेलेला, दार अर्धं उघडलेलं. मुलगा काय बोलला ते ट्रकच्या आवाजात गेलं. एवढ्यावर झडती बेकायदा ठरवून पुरावा बाद करण्याचा अर्ज होतो. वर्तमानपत्रात न येणारा, पण बॉडी कॅमेऱ्याचा खरा उपयोग मला इथेच दिसतो. अडचण अशी की बहुतेक खटले ज्युरीपर्यंत जातच नाहीत. आरोपी तडजोड करून गुन्हा कबूल करतो, आणि कित्येकदा तोवर त्याच्या वकिलानं तासन्‌तासांचं फुटेज पाहिलेलंही नसतं.

आणि मोर्चांचं काय? तिथे तर कॅमेरा कधी चालू नसतो आणि कधी नको इतका असतो. केंटकी राज्यातल्या लुईव्हिलमध्ये, पोलिसांच्या गोळ्यांनी गेलेल्या ब्रिओना टेलरच्या मृत्यूवरून आंदोलन पेटलेलं असताना १ जून २०२० च्या मध्यरात्रीनंतर बार्बेक्यूचं दुकान चालवणारे डेव्हिड मॅकॅटी गोळी लागून गेले. गोळी नॅशनल गार्डच्या, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्याच्या, बंदुकीतली होती. तिथे असलेल्या शहर पोलिसांचे बॉडी कॅमेरे चालूच नव्हते. महापौरांनी त्याच दिवशी पोलीसप्रमुखाला काढलं. मिनियापोलिसमध्ये आदल्या आठवड्यात उलट घडलं. ३० मेच्या कर्फ्यूच्या रात्री पोलीस बिनखुणेच्या पांढऱ्या व्हॅनमधून रस्त्यावरच्या लोकांवर रबरी गोळ्या झाडत फिरत होते. जलील स्टॉलिंग्स हा माजी सैनिक, परवान्याचं पिस्तूल जवळ असलेला. त्याला गोळी लागली, आपल्यावर कुणी गुंड हल्ला करताहेत असं वाटून त्यानं व्हॅनच्या दिशेनं तीन गोळ्या झाडल्या. पोलीस आहेत हे कळताच पिस्तूल टाकून तो पालथा झोपला, हात पसरून. पोलिसांनी त्याला तिथे लाथाबुक्क्यांनी तुडवलं, आणि कागदोपत्री त्यानं प्रतिकार केल्याचं लिहिलं. त्याच्यावर खुनाच्या प्रयत्नाचा खटला चालला. बॉडी कॅमेऱ्यांनी त्याला वाचवलं. जुलै २०२१ मध्ये ज्युरीनं त्याला सगळ्या आरोपांतून सोडलं. पुढे १५ लाख डॉलरची भरपाई मिळाली आणि मारणाऱ्यांपैकी एका पोलिसानं गुन्हा कबूल केला. त्याच रात्रीच्या फुटेजमध्ये एक वरिष्ठ अधिकारी आता 'शिकारीला' निघालोय अशा थाटात बोलताना ऐकू येतो. कॅमेरा चालू होता. तरी तो बोलला. यावरून कॅमेऱ्याचा धाक किती, ते समजा.

भारतीय वाचकांना सिॲटलची घटना आठवत असेल. जानेवारी २०२३ मध्ये आंध्रची विद्यार्थिनी जाह्नवी कंदुला रस्ता ओलांडताना पोलिसाच्या भरधाव गाडीखाली गेली. पंचवीस मैलांची मर्यादा, गाडी सत्तरच्या वर. नंतर पोलीस संघटनेचा एक पदाधिकारी फोनवर तिच्या जिवाची किंमत काढत हसला, आणि त्याचा स्वतःचा बॉडी कॅमेरा बंद करायचा राहिला होता. ते फुटेज सप्टेंबरात बाहेर आलं, आणि पुढच्या वर्षी त्याची नोकरी गेली. गाडी चालवणाऱ्यावर मात्र सरकारी वकिलांनी गंभीर गुन्हा लावला नाही. कॅमेऱ्यानं हसणारा पकडला.

बाहेर येण्याच्या मुदतीचा मुद्दा सर्वांत कोरडा, पण माझ्या मते सर्वांत निर्णायक. शिकागोत ऑक्टोबर २०१४ मध्ये लक्वान मॅकडॉनल्ड या सतरा वर्षांच्या मुलाला पोलिसानं सोळा गोळ्या घातल्या. चाकू घेऊन अंगावर आला, असं सांगितलं गेलं. गाडीतल्या कॅमेऱ्यात तो पोलिसांपासून दूर चालताना दिसतो. ते चित्रीकरण लोकांनी पाहिलं तेरा महिन्यांनी, एका पत्रकाराच्या दाव्यावरून न्यायालयानं आदेश दिल्यावर. तोवर शहरानं कुटुंबाला पन्नास लाख डॉलर देऊन मोकळं केलं होतं आणि महापौरांची निवडणूकही उरकली होती. लुइझियानात २०१९ मध्ये, पोलिसांनी पकडताना गेलेल्या रोनाल्ड ग्रीनच्या घरच्यांना 'अपघातात गेला' असं सांगण्यात आलं. बॉडी कॅमेऱ्यातली मारहाण दोन वर्षांनी असोसिएटेड प्रेसनं मिळवली तेव्हा जगाला दिसली.

कॅमेरे सगळीकडे तेच असले तरी कायदा राज्यागणिक बदलतो. नॉर्थ कॅरोलायनात न्यायाधीशाच्या आदेशाशिवाय फुटेज जनतेला मिळतच नाही. कोलोरॅडोनं फ्लॉइडनंतर महिन्याभरात कायदा केला: गैरवर्तनाची तक्रार आली की २१ दिवसांत फुटेज खुलं करायचं, आणि पोलिसानं कॅमेरा चालू केला नसेल तर न टिपलेल्या भागात गैरवर्तन झालं असा निष्कर्ष काढायची मुभा, त्याच्यावरचा फौजदारी खटला सोडून. मिनेसोटानं २०२३ मध्ये ठरवलं की पोलिसांच्या बळामुळे मृत्यू झाला तर मागणी केल्यापासून पाच दिवसांत कुटुंबाला आणि घटनेपासून चौदा दिवसांत सगळ्यांना फुटेज दाखवायचं. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावायचे, आवाजासकट, आणि साठवण शक्यतो अठरा महिन्यांची ठेवायची असं सांगितलंय. कोठडीत माणूस मेला आणि 'त्या दिवशी कॅमेरा बंद होता' असं उत्तर आलं तर तोटा कुणाचा, हे त्यात कोलोरॅडोइतकं रोखठोक सांगितलेलं नाही.

एक मर्यादा मात्र कुठलाही कायदा काढू शकत नाही. बॉडी कॅमेरा पोलिसाच्या छातीवर असतो, त्यामुळे त्यात पोलीस सोडून सगळे दिसतात. जवळची झटापट म्हणजे काळोख, कापड आणि धापा. रुंद भिंगामुळे समोरचा माणूस आहे त्याहून वेगानं अंगावर आल्यासारखा वाटतो. आणि आवाजाचं नाटक करता येतं. जानेवारी २०२३ मध्ये मेम्फिसमध्ये टायर निकोल्सला मारताना पोलीस "हात दे, हात दे" ओरडत होते, तेव्हा त्याचे हात त्यांनीच धरले होते. हे कळलं खांबावरच्या कॅमेऱ्यामुळे, ज्याला वरून सगळं दिसत होतं. मारणारे पाचही पोलीस कृष्णवर्णीय होते, त्यावरून 'मग यात वंशाचा प्रश्न कुठे' असं म्हणणारे लगेच उभे राहिले. त्यांना एवढंच विचारावं, त्या पथकाला कोणत्या वस्तीत सोडलं होतं? आणि एवढं चित्रीकरण असूनही मे २०२५ मध्ये राज्याच्या न्यायालयातल्या ज्युरीनं तिघांना निर्दोष सोडलं. १९८९ च्या ग्रॅहम खटल्यापासून पोलिसांच्या बळाबद्दल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाची कसोटी अशी की त्या क्षणी तिथे असलेल्या समंजस पोलिसाच्या नजरेनं पाहायचं, मागाहून सुचलेल्या शहाणपणानं नाही. आता पोलिसाच्या छातीवरूनच घेतलेलं चित्र ज्युरीला दाखवलं की ती नजर आयतीच मिळते. म्हणून मी वकिलांना नेहमी सांगते, रस्त्यावरचा एक तरी दुसरा कॅमेरा शोधा, मग तो समोरच्या दुकानाचा असो की दारावरच्या घंटीचा.

आता तुमचा मुलगा. सार्वजनिक जागी काम करणाऱ्या पोलिसाचं चित्रीकरण करणं हा घटनेनं दिलेला हक्क आहे, असं अमेरिकेतल्या अनेक फेडरल अपील न्यायालयांनी मान्य केलंय. ॲरिझोनानं २०२२ मध्ये आठ फुटांच्या आत चित्रीकरणाला बंदी घातली, ती न्यायालयात टिकली नाही. पण हक्क असणं वेगळं आणि रात्री अकरा वाजता रस्त्याकडेला गाडी थांबवलेली असताना खिशात हात घालणं वेगळं. त्याला सांगा, फोन आधीपासून डॅशबोर्डवरच्या स्टँडला असू दे. दोन्ही हात स्टिअरिंगवर. कागद काढायचे तर "डाव्या कप्प्यातून काढतोय" असं मोठ्यानं सांगून, मग काढायचे. झडतीला विचारलं तर "माझी संमती नाही" एवढं शांतपणे, स्पष्ट म्हणायचं, म्हणजे पोलिसाच्या कॅमेऱ्यात ते येईल. हुज्जत घालायची नाही, अंगाला हात लावायचा नाही. दुसऱ्या कुणाला अडवलेलं दिसलं तर लांबून, न बोलता, फोन आडवा धरून चित्रीकरण करायचं, आणि लगेच कुठेतरी त्याची प्रत पाठवून ठेवायची.

आणि काही खटकलं तर त्या दिवशीचं पोलिसांचं नाव किंवा बॅज क्रमांक, गाडी क्रमांक, जागा आणि वेळ लिहून ठेवून ताबडतोब खात्याला लेखी अर्ज करायचा. मिनेसोटात साध्या थांबवण्याचं फुटेज निदान नव्वद दिवस ठेवायची सक्ती आहे, त्यानंतर ते पुसलं जाऊ शकतं. ज्याचं चित्रीकरण झालंय त्यानं लेखी मागितलं तर आणखी एकशे ऐंशी दिवसांपर्यंत राखून ठेवता येतं. माझ्याकडे येणारे बरेच जण चौथ्या महिन्यात येतात.